चाळणीला सांगितलेलं

शैलाच्या पहिल्या मुलीचं बारसं झालं ते साल सत्त्याण्णव. मालक जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. पाळण्याभोवती बायकांची गर्दी होती आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसले होते, विधवेनं बसावं तिथं. शैलाची सासू घुगऱ्या वाटत आली. माझ्या ओंजळीत मूठभर टाकून म्हणाली, "घ्या इहीनबाई. आजी झालासा, आता तरी हसा."

मी एक हरभरा तोंडात टाकला. चावला. चावून चावून त्याचं पीठ झालं, पण तो काही खाली उतरेना. शेवटी पदराआड तोंड करून काढून टाकला. शैलानं ते पाहिलं. पोरीला नणंदेच्या मांडीवर देऊन ती माझ्याजवळ आली.

"आये, सकाळधरनं काय खाल्लंस?"

"च्या."

"आन् काल?"

"पेज."

"आन् त्याच्या आदी?"

मी पाळण्याकडे बघत राहिले.

"बाळंतीण मी, आन् हाडं तुजी वर आल्यात," शैला म्हणाली. "हे बग, बापाला घालवून बसलोय. आता तुला घालवायची न्हाई मला."

महिना सव्वामहिना झाल्यावर तिनं मला एसटीत घालून मिरजेला नेलं. तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात घशाच्या डॉक्टरनं नळी घालून आत बघितलं. रस्ता मोकळा आहे म्हणाला.

"मला तर लागतंय की अडकल्यालं."

"लागत असेल. पण घशात काही नाही, आजी." मग शैलाकडे वळून तो हळू बोलला, पण माझे कान चांगले होते. वजन असंच उतरत राहिलं तर पावसाळ्यापर्यंत नाकातून नळी घालून जेवण द्यावं लागेल, आणि तसं किती दिवस निघतात ते कुणी सांगू शकत नाही. एवढं बोलून त्यानं आम्हाला वरच्या मजल्यावर पाठवलं, विभावरी केळुसकर नावाच्या डॉक्टरीणबाईंकडे.

बाई माझ्याच वयाच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, चपला टेबलाखाली काढून ठेवलेल्या. खोलीत दोन खुर्च्या, एक माठ आणि कोपऱ्यात मान फिरवणारा टेबलफॅन. त्यांनी शैलाला बाहेर बसायला सांगितलं.

"गोळी कवा देनार?" मी विचारलं.

"गोळी नाही देणार. आपण बोलायचं."

"कशाबद्दल?"

"जे येईल त्याबद्दल."

"आन् त्यानं भाकरी खाली जाईल व्हय?"

"मला माहीत नाही," म्हणाल्या. "बघू."

माहीत नाही म्हणणारा डॉक्टर मी पहिल्यांदा बघितला. म्हणून पुढच्या मंगळवारी पुन्हा गेले.

आमची चुरमुऱ्याची भट्टी. मालक कढईवर, मी चाळणीवर. हे सांगितल्यावर बाईंनी इतकं खोदून खोदून विचारलं की मला मजा वाटायला लागली. तांदळाला मिठाचं पाणी का चोळायचं, वाळू कुठली, ती किती तापली हे कसं कळतं, फुललेला चुरमुरा वाळूतून निराळा कसा करायचा.

"सगळं इचारून घेताय, भट्टी घालनार हाय का काय तुमी?"

"नोकरी गेली तर घालीन म्हणते."

"तुमच्या हातानं चाळण न्हाई हलायची. मनगाट बगा तुमचं, शेवग्याच्या शेंगंगत."

त्या खळखळून हसल्या आणि मनगट पदराखाली लपवलं. त्या आठवड्यात पेजेबरोबर मऊ भाताचे दोन घास पोटात गेले. शैलानं ते शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं गल्लीला. मंगळवारची मी वाट बघायला लागले.

मग एका मंगळवारी बाईंनी विचारलं, "मालक तुमच्याशी काय बोलायचे? भट्टीवर, दिवसभर?"

"आमचं बोलनं नव्हतं."

"म्हणजे?"

"अबोला हुता. नऊ वर्सं."

बाईंनी चष्मा काढला. "कशावरून?"

मी सांगितलं. जत्रेच्या मालाला मिठाचं पाणी जास्त झालं होतं. बाजारातला व्यापारी पोतं उघडून चाखत होता. त्याच्यासमोर, माझ्या दोन्ही भावांसमोर मालक म्हणाले, हिला मीठ कळत नाही, हिच्या बापाच्या घरी अळणीच खात होते. हा शब्द मागं घेतल्याबिगर मी बोलणार नाही म्हणाले मी. नको बोलूस म्हणाले ते.

"आणि नऊ वर्षं? एका घरात, एका भट्टीवर?"

"व्हय."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पुढे वाकून माझ्या हातावर हात ठेवला. "किती एकट्या होतात तुम्ही, मालनबाई. नवरा समोर असून एक शब्द नाही. हा कसला संसार? आणि ते माफी न मागताच गेले. मग घास अडकणार नाही तर काय होणार?"

मी हात काढून घेतला.

त्या चांगल्या मनानं बोलत होत्या, ते मला दिसत होतं. पण माझ्या छातीत काहीतरी टोपलीखाली कोंडल्यासारखं झालं. नऊ वर्षं त्यांनी एका वाक्यात झाडून कोपऱ्यात लावली होती.

"बाई, तुमी आमच्या घरात कदी आला हुता का?"

"नाही."

"मग?"

एवढं बोलून मी उठले. बाहेर शैला पोरीला पाजत बसली होती. "झालं एवढ्यात?" म्हणाली.

"झालं."

त्या आठवड्यात भात गेला आणि पेजही गेली. चहा तेवढा उतरायचा, तोही निववून. चालताना भिंत धरावी लागायची. शैला माहेरी येऊन राहिली.

"बाईंनी शिवी दिली का तुला?"

"दया केली."

"मग त्यात काय झालं?"

"शिवी परवडली असती."

मंगळवारी सकाळी मी अंथरुणातून उठेना, तेव्हा शैला पोरीला घेऊन माझ्या उशाशी येऊन बसली. "तू चल न्हाईतर नगं चलूस. पन तू जेवत न्हाईस तवर मीबी जेवनार न्हाई. माजं दूद आटलं की हिला घेऊन तुज्यापुढं बसनार. मग रडू दे तिला."

बापासारखीच हट्टी. मी लुगडं बदललं.

गेले, पण बोलण्यासाठी गेले नव्हते. आमच्याकडे अबोला धरला म्हणून कुणी कामाला जायचं थांबत नाही. जेवण वाढायचं, अंथरूण घालायचं, सगळं करायचं, फक्त त्या माणसाशी बोलायचं नाही. मी बाईंच्या समोरच्या खुर्चीत बसले आणि पंख्याकडे बघत राहिले. बाईही गप्प. पुढं कळलं की त्यांच्या विद्येत असं गप्प बसायला शिकवतात, रोग्याला विचार करायला वेळ मिळावा म्हणून. त्यांना वाटलं मी विचार करते आहे. तासभर आम्ही दोघी बसलो आणि पंखा एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता.

पुढच्या खेपेला ऊन फार होतं. खिडकीतून झळ येत होती आणि मला तर आधीच भोवळ येत होती.

"पंख्या," मी म्हणाले, "बाईस्नी म्हनावं, खिडकी लावा."

बाई दचकल्या. "लावते की," म्हणून उठल्या. खिडकी लावून माझ्याजवळ आल्या. "मालनबाई, बोललात तुम्ही. बरं वाटलं मला."

मी पंख्याकडे बघत होते.

"माझ्यावर रागावलात ना?"

मी बघतच होते. वेळ संपल्यावर दारातून म्हणाले, "पंख्या, म्हनावं, येतो."

त्या दिवशी परत येताना एसटीत मला चक्कर आली. घरी पोहोचल्यावर शैलानं साखरपाणी चमच्यानं पाजलं. "पुढच्या खेपंला नळीच घालाय सांगतो," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर रडली.

पुढचा मंगळवार. मी बसले. बाईंनी माठातलं पाणी आणून माझ्यापाशी ठेवलं, जाग्यावर बसल्या, घसा खाकरला आणि म्हणाल्या, "पंख्या, मालनबाईंना विचार, आज कसं आहे?"

मला हसू आवरेना, पण ते मी दाबलं. कारण बाई हे सगळं माझ्याकडे बघून बोलत होत्या.

"पंख्या," मी म्हणाले, "बाईस्नी सांग, तुज्याकडं बगून बोलायचं असतंय. मानसाकडं न्हाई."

बाई लाल झाल्या. मग खुर्ची सरकवून त्यांनी नीट पंख्याकडे तोंड केलं. पंखा फिरायचा, तशी त्याच्याबरोबर त्यांची मानही फिरायला लागली.

"पंख्या, बाईस्नी म्हनावं, मान मोडून घिऊ नगा."

"पंख्या, त्यांना म्हणावं, मला सवय नाही. आमच्या आजोळी मामी उखळाशी बोलायची. मामा समोर बसलेला असायचा. आम्ही पोरं हसायचो. मला ते आत्ता आठवलं, इतक्या दिवसांनी. मूर्खच आहे मी."

"पंख्या, मूर्ख म्हनलं न्हाई म्हनावं कुनी."

मग बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. पण हे गप्प बसणं शिकवलेलं नव्हतं. शेवटी त्या हळू म्हणाल्या, "पंख्या, त्यांना विचार. त्यांच्या घरी तुझ्या जागी कोण होतं?"

मी पाण्याचा पेला हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"चाळन," म्हणाले.

मग मी पंख्याला सगळं सांगितलं. आधी पोरं होती निरोप न्यायला, पण ती शाळेत गेली की भट्टीवर आम्ही दोघंच असायचो. घाणा उतरायचा तर सांगावं लागतं, नाहीतर हात भाजतो. तेव्हा मालकच एक दिवस म्हणाले, "चाळणे, म्हणावं, धर. येतंय." मी म्हणाले, "चाळणे, म्हणावं, धरलंय." तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. अबोल्याच्या आधी हा माणूस दिवसाला चार शब्द बोलत नव्हता. चाळणीशी मात्र त्यांना सगळं बोलता यायचं. चाळणे, म्हणावं, ऊन लई आहे, डोक्यावर पदर घे. चाळणे, म्हणावं, पोरीची आठवण येतीया. चाळणे, म्हणावं, ते निळं लुगडं नेस आज. मला तोंडावर हे कधी म्हणाले नसते. लाजले असते.

"आन् पंख्या," मी म्हणाले, "बाईस्नी सांग. रोज पैला घाना घालायच्या आदी ते म्हनायचे, चाळणे, म्हनावं, मिठाचं पानी चाकून बग. नऊ वर्सं. येक दिवस चुकलं न्हाई. मी चाकल्याबिगर तांदळाला पानी लावलं न्हाई त्यांनी."

बाई म्हणाल्या, "पंख्या, म्हणजे त्यांनी शब्द मागं घेतला होता."

"पैल्याच वर्सी."

"मग विचार त्यांना, त्या का बोलल्या नाहीत?"

"बोललो असतो तर चाळन मुकी झाली असती."

तेवढ्यात वीज गेली. पंखा हळू होत होत बाईंच्या बाजूला मान करून थांबला. खोलीत एकदम शांत झालं. बाहेर रिक्षा वाजत होत्या, तेही ऐकू यायला लागलं.

मी पंख्याकडे बघत होते. त्याच्याशी बोलायला तोंड उघडलं आणि शब्द येईना. बंद पंख्याला काय सांगायचं? हात आपोआप खुर्चीच्या दांडीवर फिरायला लागले, काहीतरी शोधत असल्यासारखे. आणि घशाशी ते आलं, जे मालक गेल्यापासून येत होतं. श्वास अडकला. मला वाटलं आता संपलं.

बाई उठल्या नाहीत. हात लावला नाही. फक्त खुर्ची वळवून माझ्याकडे तोंड केलं.

"मालनबाई, पंखा बंद पडला. आता तुम्ही आणि मी. मी पहिल्यांदा बोलते, कारण बिघडवलं मी. मी तुमचं घर न बघता त्याला नाव ठेवलं. तुमच्या संसाराची कीव केली. मी चुकले."

मी त्यांच्याकडे बघितलं. तीन आठवड्यांनी बघितलं.

"अर्दं," मी म्हणाले.

"अर्धं काय?"

"अर्दं चुकलासा. येकटी पडलो हुतो. पन भट्टीवर न्हाई."

"मग कुठे?"

"दवाखान्यात."

मग मी ते सांगितलं, जे शैलालाही सांगितलं नव्हतं. मालक कढईवरच कोसळले होते. त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात ठेवलं. तीन दिवस ते जागे होते. तोंड थोडं वाकडं झालं होतं, पण शब्द येत होते. डॉक्टरशी बोलायचे, शैलाशी बोलायचे. मी खाटेजवळ स्टुलावर बसलेली. आमच्या दोघांच्या मध्ये काही नव्हतं. भट्टी नाही, कढई नाही, चाळण नाही. पांढरी चादर आणि आम्ही. ते माझ्याकडे बघायचे. मी त्यांच्याकडे बघायची. त्यांना काहीतरी सांगायचं होतं. हात चादरीवर चाचपत होते. नर्स म्हणाली पाणी पाहिजे. शैला म्हणाली पांघरूण पाहिजे. मला कळत होतं ते काय शोधताहेत. पण माझ्याही जिभेला रस्ता सापडेना. नऊ वर्षांत तोंडावर बोलायची वाटच बुजून गेली होती. मी तोंड उघडायची आणि मिटायची, ते उघडायचे आणि मिटायचे. असे तीन दिवस.

"सांगायचं काय होतं तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

मी मान हलवली.

"सांगू नका, नको असेल तर."

"त्यास्नी सांगायचं हुतं. तुमाला न्हाई."

"बरोबर आहे." बाई म्हणाल्या, "मी मधे बसले तर चालेल का? चाळणीसारखी. मला काही समजलं नाही तरी चालेल. तुम्ही फक्त माझ्याकडे बघून बोला."

डॉक्टरीणबाई, मिरजेच्या दवाखान्यातल्या, चष्मा गळ्यात. मला त्यांची दया आली, खरंच. पण मी त्यांच्याकडे बघितलं.

"बाई," मी म्हणाले, "त्यांस्नी म्हनावं..."

आणि सांगितलं. काय सांगितलं ते इथं लिहीत नाही. ते माझं आणि मालकांचं आहे, आणि बाईंना कळलं तेवढं त्यांचं. फार मोठं काही नव्हतं. मिठाबद्दल होतं, निळ्या लुगड्याबद्दल होतं, आणि एक शब्द होता जो नवरा-बायको आमच्याकडे म्हणत नाहीत. सांगताना मी इतकी रडले की बाहेरून शैला दार ढकलून आत आली. आईला काय केलं म्हणून बाईंच्या अंगावर धावली.

"काय न्हाई केलं गं," मी म्हणाले. "बाईस्नी वरडू नगंस. त्या चाळन हुत्या."

शैला बाईंकडे बघायला लागली, बाई माझ्याकडे. मग आम्ही दोघी हसायला लागलो आणि शैला आणखीनच घाबरली.

पेला अजून माझ्या हातातच होता. मी पाणी प्यायले. ते खाली गेलं. तेवढंच. भाकरी त्या दिवशी काही गेली नाही, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. आधी पेज परत आली, मग भात. आमटीत बुडवलेली भाकरी पावसाळा लागता लागता गेली. नळी घालावी लागली नाही.

बाईंकडे मी वर्षभर गेले. त्यात आमचं दोनदा पुन्हा बिनसलं. एकदा मी भट्टी बंद करायची म्हणाले तेव्हा त्यांनी घाईनं होकार दिला म्हणून, आणि एकदा त्या सुट्टीवर गेल्या आणि मला आधी सांगितलं नाही म्हणून. दोन्ही खेपेला मी खोलीत शिरून पहिल्यांदा पंख्याकडे बघितलं. दोन्ही खेपेला बाई लगेच म्हणाल्या, "नाही, मालनबाई. इकडे. मला शिवी द्या, पण इकडे बघून द्या." तोंडावर रागावता येतं, आणि रागावून झाल्यावरही समोरचं माणूस तिथंच बसलेलं असतं, हे मी पन्नाशीनंतर शिकले. अक्षरं त्याच्याही नंतर शिकले, शैलाच्या पोरीबरोबर, तिच्याच पाटीवर.

उपचार संपल्यावर बाई एकदा भट्टीवर आल्या. चाळण धरून बघितली, आणि सगळे चुरमुरे वाळूसकट पायावर पाडून घेतले. मी त्यांना वाईट बोलले. त्यांनी मलाही बोलून घेतलं. मग आम्ही दोघींनी कांदा-मिरची घालून चुरमुरे खाल्ले. तेव्हापासून दर दिवाळीला त्यांचा फोन यायचा. मी त्यांना तोंडावर सांगायची की तुमच्या डोक्याचं तेल बदला, पिकलंय सगळं. त्या म्हणायच्या, तुम्हाला फोनवरून दिसतं कसं?

विभावरीबाई दोन हजार सोळा साली माघ महिन्यात मिरजेत वारल्या. त्या गेल्या तेव्हा आमचं बोलणं चालू होतं.